चलान म्हणजे निकाल नव्हे

‘नियम मोडला असेल तर दंड भरा, मोडला नसेल तर घाबरायचं कारण काय?’ वाहतूक पोलिसांच्या कारवाईवर कुणी प्रश्न विचारला की हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं जातं. सोसायटीच्या बैठकीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे न्यायालयाच्या आवारातही. पुढची वाक्यं ठरलेली असतात. कॅमेरा खोटं बोलत नाही. पाचशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतं? जो चढतो तो पळवाटा शोधणारा. गाडी उचलून नेली तर नेली, नो पार्किंगमध्ये लावलीच कशाला? आणि शेवटी सगळ्यांचा लाडका निष्कर्ष: आपल्या लोकांना दंडुक्याचीच भाषा कळते.

या मताचा मला संताप येतो. शिकलीसवरलेली, स्वतःला कायद्याची चाड असलेली म्हणवणारी माणसं हे बोलतात, आणि ज्या कायद्याच्या नावानं बोलतात तो त्यांनी उघडून पाहिलेला नसतो. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये चालकाला शिक्षा सांगणारी कलमं आहेत, तशी पोलिसाला, सरकारला आणि न्यायालयालाही बांधून ठेवणारी कलमं आहेत. दोन्ही एकाच संसदेनं केली. मग चालकाला लागू होणारी तेवढी पवित्र आणि पोलिसाला लागू होणारी म्हणजे पळवाट, हे कुणी ठरवलं?

आधी चलान म्हणजे काय ते पाहू. तुमच्या हातून अमुक गुन्हा घडला आहे, असं पोलिसांचं म्हणणं त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही दोषी आहात हे ठरवण्याचा अधिकार चौकातल्या हवालदाराला नाही, वाहतूक शाखेच्या संगणकाला नाही, आयुक्तांनाही नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यांचा आहे. जागेवर किंवा ऑनलाइन आपण जे पैसे भरतो ते कलम 200 खालचं तडजोड शुल्क असतं. खटला चालवायचा नाही, ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवायचं, अशी ती तडजोड. तडजोडीला दोन बाजू लागतात आणि दोघांची राजीखुशी लागते. एका बाजूनं ‘मला मान्य नाही’ म्हटलं की तडजोड संपली आणि पुरावा देण्याची जबाबदारी सरकारवर आली. खून-दरोड्याच्या आरोपीला जे मिळतं ते हेल्मेटच्या आरोपीला का मिळू नये? गुन्हा लहान असला की निर्दोष असण्याची शक्यताही लहान होते का?

जानेवारी 2025 मध्ये मुंबईत ताज हॉटेलच्या परिसरात एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी आढळल्या. खऱ्या मालकाला त्याआधीपासून, त्यानं न केलेल्या गुन्ह्यांची चलानं येत होती. दुसरा माणूस त्याचा नंबर लावून फिरत होता, नियम मोडत होता, आणि मेसेज याच्या मोबाइलवर पडत होते. ‘मोडला नसेल तर घाबरायचं कारण काय’ म्हणणाऱ्यांनी या मालकाला काय सल्ला दिला असता? भरून टाक? त्यानं निमूटपणे भरत राहायचं ठरवलं असतं तर ती दुसरी गाडी आजही रस्त्यावर असती. जुनी गाडी विकलेल्यांची गत याहून फारशी वेगळी नसते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत, असं कलम 50 सांगतं. पण घेणाऱ्यानं नाव चढवून घेतलं नाही की वर्षानुवर्षं चलानं पहिल्या मालकाच्या नावावर जमा होत राहतात. ई-चलान गाडीच्या मालकाला जातं आणि गुन्हा गाडी चालवणारा करतो. ही दोन माणसं वेगळी असू शकतात हे कायद्याला ठाऊक आहे. म्हणून तर गाडी कोण चालवत होतं हे मालकाला विचारण्याची तरतूद कलम 133 मध्ये आहे. कायदा चौकशी करायला सांगतो, आणि आपले नागरिक चौकशीशिवाय पैसे भरायला सांगतात.

‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ हा त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा. कॅमेऱ्याला खरं-खोटं कळत नाही. कॅमेरा चित्र घेतो. त्या चित्राचा अर्थ एखादी प्रणाली किंवा एखादा माणूस लावतो. धूळ बसलेल्या पाटीवरचा 8 हा 3 वाचला जातो, वेग मोजणारं यंत्र तपासलेलं नसतं, चित्रात स्टॉपलाइन दिसते पण सिग्नल दिसत नाही. हे सगळं घडू शकतं हे सरकारनं स्वतः मान्य केलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 167अ आला तो त्यासाठीच. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. ज्या पट्ट्यात कॅमेरे आहेत त्याच्या आधी ठळक इशाराफलक हवेत. गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारं छायाचित्र, यंत्रानं घेतलेलं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणि अधिकृत अधिकाऱ्याची सही, एवढं सगळं असावं लागतं. गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांत नोटीस पाठवायची आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत ते चित्रीकरण जपून ठेवायचं, असंही हा नियम सांगतो. चालकानं यातली एकेक गोष्ट मागितली तर ती पळवाट कशी? पोलिसांनी काय करायचं हे लिहून ठेवलं आहे, आणि ते केलं का एवढंच तो विचारतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचं महत्त्व तर आपल्याच राज्यातल्या प्रकरणानं देशाला सांगितलं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हे दाखवणाऱ्या चित्रफितींवर तो खटला उभा होता. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. जुना पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही अट कलम 63 मध्ये कायम आहे. आमदारकीच्या खटल्यात जो पुरावा प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, तो रिक्षावाल्याच्या खटल्यात का चालावा?

आणि चौकात उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर टिपलेले फोटो? वर्षानुवर्षं राज्यात हेच चाललं. जुलै 2025 मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या विरोधात संप पुकारला, तेव्हा कुठं खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करण्याचे आदेश वरून निघाले. हे आदेश कुणाच्या आग्रहामुळं निघाले? ‘भरा आणि गप्प बसा’ म्हणणाऱ्यांमुळं नक्कीच नाही.

वेगाच्या बाबतीत कायदा आणखी काटेकोर आहे. ‘माझ्या मते गाडी जास्त वेगात होती’ एवढं एका साक्षीदारानं सांगून शिक्षा होऊ शकत नाही. त्याचं मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजमापावर उभं असावं लागतं, असं कलम 183 मध्येच म्हटलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग मोजते. मोकळ्या पट्ट्यात मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आणि घाटात त्याहून बरीच कमी. मर्यादा नेमकी कुठं बदलते, फलक कुठं आहे, यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे प्रश्न तिथून जाणाऱ्या प्रत्येकाचे आहेत.

त्याहून दुर्लक्षित आहे ते कलम 209. अतिवेग किंवा धोकादायक रीतीनं गाडी चालवणं या आरोपांखाली शिक्षा करायची असेल तर चालकाला त्याच वेळी खटल्याचा इशारा दिलेला हवा, नाहीतर 14 दिवसांत नोटीस पाठवलेली हवी, नाहीतर 28 दिवसांत समन्स बजावलेलं हवं. नाव-पत्ता शोधूनही मिळत नसेल किंवा आरोपीच्याच वागण्यामुळं नोटीस पोचली नसेल तर सूट आहे, एरवी नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवणं या गोष्टीही धोकादायक चालवण्याच्या कलमात, म्हणजे 184 मध्ये, आल्या आहेत. कायद्यानं ही मुदत का घातली असेल? सव्वा वर्षापूर्वी एका संध्याकाळी तुम्ही कुठल्या चौकात होतात, शेजारी कोण होतं, सिग्नल पिवळा होता की लाल, हे कुणाला आठवतं? बचाव करता यावा म्हणून आरोप वेळेत कळला पाहिजे.

हीच गोष्ट मुदतबाह्य खटल्यांची. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयानं 6 महिन्यांनंतर घेऊ नये, एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असेल तर एका वर्षानंतर घेऊ नये, असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात होतं आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्येही आहे. उशीर झालाच तर सरकारनं न्यायालयापुढं त्याचं सबळ कारण द्यावं. चार-चार वर्षांची चलानं एका दिवशी एकदम काढून चालकाच्या पुढ्यात टाकायची आणि ‘एवढी थकबाकी झाली तोवर झोपला होतात का?’ असं त्यालाच विचारायचं, ही रीत झाली आहे. झोपलं कोण होतं? सहा महिन्यांत न्यायालयात कोण गेलं नाही? चालकाला सिग्नलची तीस सेकंदं पाळायला लावणाऱ्या सरकारनं सहा महिन्यांची मुदत पाळावी, ही मागणी जास्त वाटते का?

आता ‘भरून टाका आणि मोकळे व्हा’ या सल्ल्याकडं वळू. मी वकिली करतो, आणि दंडाधिकारी न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये हा सल्ला किती स्वस्तात दिला जातो ते रोज पाहतो. गेल्या पावसाळ्यात एक टेम्पोवाला असाच भिंतीला टेकून उभा होता. तडा गेलेल्या स्क्रीनवर चलानचा फोटो दोन बोटांनी मोठा करून येईल त्याला दाखवत होता. फोटोतली गाडी सहाचाकी ट्रक होती. याचा टेम्पो तीनचाकी. चिखलानं माखलेल्या पाटीवरचा एक आकडा चुकीचा वाचला गेला होता, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. मी म्हटलं, आत जाऊन साहेबांना हाच फोटो दाखवा, गुन्हा कबूल नाही म्हणून सांगा. तो म्हणाला, ‘दादा, आज नाही म्हटलं की पुढची तारीख पडंल. तारखेला आलो की त्या दिवसाचं भाडं गेलं. बाजारातली दोन गिऱ्हाइकं तुटतील.’ त्यानं पैसे भरले. न केलेल्या गुन्ह्याचे. नोंदीत तो गुन्हा मिटलेला दिसेल आणि वसुलीच्या आकड्यात त्याचे पैसे शिस्तीचा पुरावा म्हणून मिरवले जातील.

त्याला ‘पळवाटा शोधणारा’ म्हणायची कुणाची हिंमत आहे? त्यानं हक्क वापरला नाही कारण तो वापरणं त्याला परवडलं नाही. ज्यांना वकील परवडतात ते आपले हक्क पैन् पै वसूल करून घेतात. त्यांना कुणी उपदेश करायला जात नाही. उपदेश टेम्पोवाल्याला, डिलिव्हरी करणाऱ्या पोराला, भाजीच्या गाडीवाल्याला.

पैसे भरले की सगळं संपतं हेही खरं नाही. हेल्मेटच्या कलम 194ड मध्ये दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. तडजोड शुल्क भरलं तरी लायसन्सवरची कारवाई टळत नाही, हे 2019 मध्ये कलम 200 मध्येच घातलं गेलं. रोज गाडीवर पोट असलेल्या माणसाला तीन महिने लायसन्स नसणं म्हणजे काय, हे कँटीनमध्ये बसून कळत नाही. शिवाय, मेसेज आला की विचार न करता लिंक दाबून पैसे भरायची सवय लागल्यामुळंच खोट्या ई-चलानच्या फायली पाठवून बँक खाती रिकामी करणाऱ्यांचं फावलं आहे. आरोप तपासून घेण्याची सवय असलेला समाज इतक्या सहज फसत नाही.

लोकअदालतीबद्दलही एक गैरसमज पसरवला जातो. थकीत चलान असलेल्यांना राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी नोटिसा जातात आणि त्यांची भाषा अशी असते की माणसाला वाटावं, गेलं नाही तर अटकच. लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीनं तडजोड नोंदवते. तिला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये जालौर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. तिथं जाऊन मिटवावंसं वाटलं तर जरूर मिटवा. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हे माहीत असू द्या. आणि मिटवायचं नसेल तर नियमित न्यायालयाचं दार बंद होत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे: महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना 1987 च्या कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मागता येतो. लहान खटल्यांत समन्स आल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा कलम 208 देतं. या गोष्टी चलानच्या मेसेजमध्ये रकमेइतक्याच ठळक का नसाव्यात?

गाडी ताब्यात घेण्याचा विषय मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण तिथं आरोप, पुरावा, निकाल असं काही उरतच नाही. आधी शिक्षा होते, चौकशी नंतर, कधी कधी होतच नाही. कलम 207 वाचा. लायसन्स नसताना, वय बसत नसताना, नोंदणी नसताना किंवा परमिटशिवाय गाडी चालवली जात असेल तर ती अटकावून ठेवता येते. थकीत चलानांचं नाव त्या कलमात नाही. अटकावलेली गाडी कागदपत्रं दाखवून, पडताळणीनंतर सोडवून घेण्याची वाटही त्याच कलमात आहे. कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात, डिजिलॉकरमधले सुद्धा. नियम 139 तसा बदललेला आहे. लायसन्स काढून घेतलं तर त्याची पोच द्यावीच लागते आणि त्या पोचेवर गाडी चालवता येते, असं कलम 206 म्हणतं. आणि धावत्या गाडीसमोर येऊन किल्ली हिसकावून घेण्याचा अधिकार या कायद्यात कुठंही दिलेला नाही.

नो पार्किंगमधली गाडी उचलता येते, हे मान्य. पण कलम 127 नुसार ते सांगण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे. टोइंग व्हॅनच्या मागे लोंबकळणाऱ्या ठेकेदाराच्या पोरांचा नाही. जितक्या गाड्या उचलाल तितके पैसे, असा धंदा झाला की काय होतं ते आपण पाहिलं आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये मालाडला एक आई तान्ह्या बाळाला घेऊन मोटारीत बसलेली असताना ती मोटार ओढून नेली गेली. हवालदाराला निलंबित करावं लागलं. ऑगस्ट 2021 मध्ये पुण्याच्या नाना पेठेत दुचाकी तिच्यावरच्या माणसासकट उचलल्याचं चित्र सगळ्यांनी पाहिलं. मार्च 2022 मध्ये तर मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनीच टोइंग प्रायोगिक तत्त्वावर थांबवलं होतं. आयुक्तांना जी शंका आली ती सामान्य माणसाला आली तर तो बेशिस्त?

ठाण्यांच्या आवारात सडणाऱ्या गाड्या तर प्रत्येकानं पाहिल्या आहेत. टायर बसलेले, सीट फाटलेली, बॅटरी गायब, टाकीवर गवत. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जप्त वाहनं पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही. बंधपत्र आणि हमी घेऊन ती योग्य माणसाला परत द्यावीत. जप्त मालाची यादी, छायाचित्रं आणि विल्हेवाट यांसाठी दिवसांच्या मुदती नव्या संहितेच्या कलम 497 मध्ये घातल्या आहेत. ज्याची गाडी सुटत नाही त्यानं या कलमाखाली अर्ज करावा. ती गाडी त्याची भाकरी आहे.

उरतो त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. रस्त्यावर माणसं मरतात. हो, मरतात. 2022 मध्ये देशात 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली. महाराष्ट्रात वर्षाला 15 हजारांहून अधिक जातात. यातला एकही आकडा मला कमी करून सांगायचा नाही. दारू पिऊन, उलट्या दिशेनं, भरधाव गाडी हाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. म्हणूनच पुरावा काटेकोर हवा! मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा राज्यभर लोक कशासाठी चिडले होते? नमुना कुणी घेतला, कधी घेतला, सील कुणी केला, ही प्रक्रिया पाळली गेली नाही म्हणूनच ना? प्रक्रिया म्हणजे आरोपीची सोय, असं म्हणणाऱ्यांना त्या दिवशी तिची किंमत कळली होती. मग आपल्या चौकातल्या चलानपाशी आल्यावर ती कशी विसरली जाते?

रस्ते खरोखर सुरक्षित करायचे असतील तर 2019 च्या दुरुस्तीतली आणखी दोन कलमं वाचा. सदोष रस्त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर तो रस्ता बांधणाऱ्या, देखभाल करणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद कलम 198अ मध्ये आहे. कायदा राबवणाऱ्यांनीच तो मोडला तर त्यांना दुप्पट दंड, असं कलम 210ब सांगतं. तुमच्या गावात या कलमांखाली झालेली कारवाई तुम्ही कधी ऐकली? शिस्तीचे पुरस्कर्ते हेल्मेटच्या पाचशे रुपयांवर तासभर बोलतात आणि या दोन कलमांवर त्यांना बोलायचं नसतं.

म्हणून मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: चूक खरोखर तुमची असेल तर तडजोड शुल्क आजच भरा. नसेल, किंवा पुरावा दाखवला जात नसेल, तर एक रुपयाही भरू नका. फोटो मागा, प्रमाणपत्र मागा, नोटिशीची तारीख बघा, समन्स आलं की हजर राहा आणि न्यायाधीशांनी ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारलं की मोठ्यानं, स्पष्टपणे ‘नाही’ म्हणा. तो प्रश्न कायद्यानं विचारायला लावलेला आहे, कारण ‘नाही’ हेही त्याचं उत्तर असू शकतं. आणि सरकारनं प्रत्येक चलानच्या मेसेजमध्ये, रकमेच्या खाली, रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत एक ओळ छापावी: हा आरोप आहे, तो अमान्य असल्यास न्यायालयात जाण्याचा तुम्हाला हक्क आहे.